दातांनी इंजिन ऐकणारे आजोबा

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत परवा मी लिहिलं होतं, की बाबांच्या जुन्या टॅक्सीचं इंजिन नुकतंच उघडून नव्यानं बांधून घेतलेलं आहे. ते चूक आहे. आज सकाळी बिल पुन्हा वाचलं, तर दुरुस्ती गिअरबॉक्सची होती. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून माझ्या शब्दावर बाबांनी विकायला काढलेल्या त्या इंजिनाची किंमत चढवून सांगितली होती.

मी हे बाबांना सांगणार, तोच गास गावचे एक आजोबा इंजिन घ्यायला आले. ते विहिरीवर बसवून त्यांना केळीला पाणी द्यायचं होतं. त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. बाबांनी इंजिन चालू केलं. आजोबांनी काठीचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले.

मला राहवेना. त्यांच्या कानाशी जाऊन मी ओरडले, "आजोबा, मी बिल चुकीचं वाचलं! इंजिन बांधलेलं नाही!" सगळ्या आळीनं ऐकलं.

आजोबा हसले. "केवढी ओरडतेस गो! तिसऱ्या सिलिंडरची रिंग गेलीय. या काठीनं मघाशीच सांगितलं."

बाबांनी तिसरा प्लग काढला. तो तेलानं काळा झाला होता! आजोबांचं खरं होतं.

"आता दवंडी पिटलीसच, तर किंमत उतरवतो," बाबा म्हणाले. नवी रिंगही तेच घालून देणार आहेत.

घरचे तुमच्या वाचण्यावर विसंबतात, तेव्हा तुम्हालाही भीती वाटते का? मी मात्र येत्या बुधवारी सकाळी गासला जाऊन खरी पावती लिहून देणार आहे.