बाहेरून लावलेली कडी

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. निवृत्तीनंतर मात्र मला राहून राहून आठवते ती एका दाराच्या कडीची चोरी.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक तक्रार घेऊन आले. मुलींच्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी दिवसा पुन्हा पुन्हा नाहीशी होत होती; नवी बसवली की तीही जायची. सुरक्षेसाठी अधीक्षिकाबाई रोज रात्री ती कडी लावत आणि शेजारच्या खोलीत झोपत. कुणी बाहेरचा माणूस मुलींवर नजर ठेवून आहे, असा सरांचा संशय. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ठाणे दैनंदिनीत नोंद करून मी स्वतः निघालो.

फाट्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, चोर ऱ्हाता तं भंगारमां ईकता. कड्या शाळामांगना नालामां पडेल शेतस."

कड्या खरंच नाल्यात सापडल्या. दारावरचे स्क्रू उपटलेले नव्हते, एकेक फिरवून काढलेले होते. चोर इतकं निगुतीने काम करत नाही. दुपारी मी मुलींच्या पंगतीतच जेवायला बसलो. पोलिसाने पोट भरताना डोळे उघडे ठेवावेत. एका मुलीच्या ताटाची कड मुरडली होती आणि त्या कडेला दाराचा हिरवा रंग लागला होता; स्क्रू तिनेच, त्या कडेने फिरवले होते.

मुलगी डोंगरातल्या पाड्यावरची, आईवडील ऊसतोडीला गुजरातेत.

"साहेब, एकदा दम भरा," सर म्हणाले. "नाहीतर नाव काढून घरी पाठवतो."

घरी कुणीच नव्हतं. नाव काढलं तर तीही मजुरांच्या गाडीत चढणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"दम भरायला तुम्ही आहातच की," मी म्हणालो. "मला जरा माझ्या पद्धतीने करू द्या."

आमची एक महिला शिपाई त्या मुलीसारखीच पावरा समाजातली होती. तिला साध्या कपड्यांत बोलावलं. ती आणि मुलगी, दोघी स्वयंपाकघरामागे उघड्यावर तूरडाळ निवडत बसल्या. शिपाईबाईने कडीचं नावही काढलं नाही. बोलणं पावरीत चाललं होतं, मला काही कळत नव्हतं. मी लांब बसून राहिलो. चौकशी म्हणजे प्रश्नांची सरबत्ती, असं नव्या फौजदारांना वाटतं. निम्मी चौकशी गप्प बसण्यात असते.

शेवटी शिपाईबाई डोळे पुसत माझ्याकडे आली. आदल्या हंगामात मजुरांची पिकअप घाटात उलटली होती. वर ताडपत्री बांधलेली, मागच्या फाळक्याला बाहेरून कडी. धाकटा भाऊ या मुलीच्या मांडीवर होता. फाळका आतून उघडला नाही, आणि भाऊ वाचला नाही.

"बाहेरून कडी वाजली की तिला तो फाळका वाटतो, साहेब. म्हणते, मी फक्त कडी काढते, पळून जात नाही."

मी सरांना आणि अधीक्षिकाबाईंना बोलावून ते सगळं सांगितलं.

"मी मुलींच्या भल्यासाठीच लावत होते हो," अधीक्षिकाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. त्याच दिवशी त्यांची खाट मुलींच्या खोलीत गेली, कडी दाराच्या आतल्या बाजूला बसली आणि ती लावायचं काम त्याच मुलीकडे आलं. सरांनी तक्रार मागे घेतली. मुलगी शाळेत राहिली.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी मी ठाण्यात सांगितलं, लहान मुलांचा जबाब घेताना अंगावर वर्दी नको, दार उघडं हवं, आणि 'का केलंस' हा प्रश्न सर्वांत शेवटी. माणूस विचित्र वागला की आधी त्याचा गुन्हा शोधायची आमच्या खात्याला सवय. त्याच्यावर काय गुदरलं हे शोधायला कलम लागत नाही, सवड लागते.

सगळे पांगले. एक जुने हवालदार मात्र टोपी हातात घेऊन रेंगाळले. त्या अपघाताच्या जागी सर्वांत आधी पोचलेले तेच.

"साहेब, तो फाळका मीच उघाडेल शे," ते हळूच म्हणाले. "ती कडी आजूनबी कानमां वाजस. हाई कोणले सांगू?"

मी दार उघडंच ठेवलं आणि त्यांच्याकडे खुर्ची सरकवली.

"माले सांगा," मी म्हणालो.