भोपळ्याला पहिली सुरी कोणी लावायची?

आता काय सांगू तुम्हाला… हातात सुरी घेऊन परक्या पुरुषाला घरात बोलावणारी बाई पाहिलीय कधी? नाही ना? मग चहा घ्या, आणि मला नीट पाहून घ्या!

गेल्या हॅलोवीनची गोष्ट. इथे परदेशात, स्कोफिल्ड्सच्या या नव्या घरात आल्यापासून माझ्या जिवाला एकच घोर. आमची इरा, साडेतीन वर्षांची. घरी अखंड बडबड, आणि प्लेग्रुपमध्ये गेली की तोंडाला कुलूप! सहा महिन्यांत तिथे एक शब्द नाही. म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. महादेवा, पोरीला चारचौघांत वाचा फुटू दे, एवढंच मागणं.

शिवाय हॅलोवीनची पार्टी हौसेने आमच्याच घरी मागून घेतली. म्हटलं, घर तिचं, खेळणी तिची, इथे तरी बोलेल. जेनी म्हणजे प्लेग्रुप सांभाळणारी आई. ती आदल्या दिवशी पाच छोटे भोपळे ठेवून गेली. "मुलांनी फक्त आतला गर काढायचा आणि डोळे-तोंड चिकटवायचं. इझी!"

इझी म्हणे!

नेमका चौदावा सोमवार. पोटात उपास, न्हाऊन केस ओले, मोकळे, कपाळाला भस्म. साडेदहाला बाकीच्या आया मुलांना सोडून पार्कात सजावट करायला गेल्या. साडेअकराला परत येऊन सगळ्यांची मिरवणूक काढणार होत्या. माझ्यासमोर एक सांगाडा, एक वटवाघूळ, एक चेटकीण, भोपळ्याच्या वेशातला गोल गरगरीत नोआ, आणि मांजर झालेली आमची मुकी इरा.

मी सुरी उचलली आणि हात हवेतच थांबला.

अख्खा भोपळा! अहो, अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते. सासूबाई सांगतात, भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. आधी पुरुषाने चीर द्यायची, मग आपण खुशाल भाजी करावी. लग्नाला आठ वर्षं झाली, मी दुकानातून कापलेली फोडच आणत आले. आणि आज, पोरीसाठी धरलेल्या व्रतात, हे करू? नको गं बाई!

घड्याळात पावणेअकरा. नवऱ्याला फोन लावला.

"अरे ओंकार, पाच मिनिटं घरी येतोस? भोपळा कापायचाय."

"मीटिंगमध्ये आहे गं! तूच काप ना."

"मी कशी कापू? पुरुष लागतो!"

"मग बघ रस्त्यावर कोणी मिळतो का!" आणि फोन ठेवला.

तो वैतागून बोलला. मी सल्ला समजून ऐकला!

तेवढ्यात पार्सलवाला आला. देवच पावला! मी सुरीसकट दार उघडलं. "प्लीज कम इन. आय नीड अ मॅन. ओन्ली टू मिनिट्स!"

त्याने केस पाहिले, भस्म पाहिलं, सुरी पाहिली. "नो वरीज, आय'ल लीव्ह इट हिअर," म्हणत खोकं गवतावरच ठेवलं आणि उलट्या पावलांनी व्हॅन गाठली. उलटी पावलं त्याची, आणि भूत कोण? मी!

अकरा वाजले. पोरांनी हॉलमध्ये घोड्यांची शर्यत सुरू केलेली. मी दारातूनच शेजारच्या रॉनआजोबांना हाक मारली. ते बागेला पाणी घालत होते. बिचारे तसेच आत आले.

"करतो की, लव्ह. पण तुला का चालत नाही?"

"इन अवर कल्चर, पंपकिन इज लाइक एल्डेस्ट सन!"

हॉलमधले घोडे जागच्या जागी थांबले.

सांगाडा हळूच इराजवळ सरकला. "इज दॅट युअर ब्रदर?"

इरा नेहमीसारखी गप्प. झालं! मौन म्हणजे संमती.

रॉनआजोबांनी सुरी उचलली. "राइट, कुठला भाऊ आधी?"

"डोन्ट कट इराज ब्रदर!" सांगाड्याने टाहो फोडला. वटवाघूळ आजोबांच्या पायाला लटकलं. चेटकीण माझ्या ओढणीत नाक पुसत रडायला लागली. आणि नोआ? त्याला वाटलं, आता आपला नंबर! तो सोफ्याखाली घुसला, पण भोपळा अर्धाच मावला. मागचा अर्धा बाहेर, थरथरत.

अकरा वीस! अंगणात आयांचे आवाज. उद्यापासून या घरात कोण पाठवणार आपलं मूल? माझ्या इराशी कोण खेळणार?

तेव्हा आमची मांजर उठली. शेपटी सावरली, ओट्याजवळच्या स्टुलावर चढली, एका भोपळ्याचा देठ धरला आणि वर उचलला.

झाकण निघालं! जेनीच्या नवऱ्याने पाचही भोपळे आधीच कापून, झाकणं जागेवर बसवून पाठवले होते. फट चांगली दिसत होती हो! सकाळी मी त्या पाचही जणांना हळदकुंकू वाहिलं होतं. भक्तिभावाने, डोळे मिटून.

"इट्स ऑलरेडी ओपन, मम्मी!" इरा ओरडली. दारातल्या आयांपर्यंत खणखणीत! "यू नेव्हर लुक!"

पोरं हसली. नोआला पाय धरून बाहेर ओढला. माझे डोळे भरून आले, हात आपोआप जोडले गेले. वाचा फुटली!

आणि फुटली ती थांबेचना. मम्मी भोपळ्याला नमस्कार करते, मम्मीने पार्सलवाल्या अंकलना सुरी दाखवली, मम्मी पप्पांना फोनवर काय म्हणाली… सगळ्या आया गोल करून ऐकत होत्या.

उरलेले दोन सोमवार मी नेमाने केले. मागणं तेवढं बदललं: महादेवा, पोरीला बोलायला दुसरा विषय मिळू दे!