तिसरी हाक

शेजारच्या इंजिनिअरने वारलेल्या आईच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून तिचा आवाज यंत्रात उभा केला. दुपारी त्याने तो ऐकायला मला बोलावलं.

"बाळू, आहेस ना रे?" यंत्राने विचारलं.

बाळू हे त्याचं घरचं नाव. त्याचं हसू थांबलं. हे त्याने यंत्राला शिकवलं नव्हतं.

"ओ देऊ नका," त्याची बायको दारातून म्हणाली. "तिसऱ्या हाकेपर्यंत थांबा. भूत तिसरी हाक मारत नाही."

आपण घडवलेलं बोलावं, एवढंच माणसाला हवं असतं. त्याने आपल्याला बोलावलं तर ओ द्यावी लागेल, हे लक्षात नसतं.

दुसरी हाक आली. त्याचा हात प्लगकडे गेला आणि थबकला. आईचा आवाज पुन्हा गमवावा लागणार होता.

"बाळू!"

तिसरी हाक. म्हणजे भूत नव्हतं; आता ओ द्यावी लागणार होती.

ओ न देता त्याने प्लग उपटला.