मेजरची स्क्रीन

त्या माणसाचा फोनवरचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरायचं. "बोला मॅडम," एवढंच म्हणायचा, पण त्यातलं 'मॅडम' असं लांबवायचा की जणू मी त्याच्या शेतात उसाची कांडी मोडताना सापडले आहे. मीही काही कमी नव्हते. नमस्कार-चमत्कार न करता पहिलंच वाक्य फेकायचे, "मेजर, प्रोग्रॅम परत बंद केलात."

"म्या न्हाई केला."

"मग कुणी केला?"

"बंदच झाला न्हाई तर करतोय कोन?"

रोज सकाळी दहा वाजता आमचं हे एवढं व्हायचं.

मी सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत काम करत होते. खालच्या मजल्यावर हळदीचं गोदाम. हंगामात आमच्या चहाच्या कपांवरसुद्धा पिवळी पूड बसायची. आमचं काम म्हणजे शीतगृहांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळणं. त्यातलं एक शीतगृह आटपाडीच्या अलीकडे, माळावर होतं, डाळिंबांचं. तिथल्या ऑफिसात एक सर्व्हर. त्याच्यावर एक प्रोग्रॅम अखंड चालू असायचा. खोल्यांचं तापमान तो बघायचा आणि गार करणारी यंत्रं तोच चालू-बंद करायचा. मी इथे बसून रिमोट डेस्कटॉपनं त्या सर्व्हरमध्ये शिरायचे, म्हणजे तिथला डेस्कटॉप माझ्या स्क्रीनवर उघडायचा. आणि तिथे, त्या सर्व्हरसमोर खुर्ची टाकून, मेजर बसलेला असायचा.

मेजर म्हणजे हुद्द्यानं मेजर नव्हे. आमच्याकडे फौजेतून निवृत्त झालेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. हे गृहस्थ हवालदार म्हणून घरी आले होते. घराण्यात मेंढरं होती, ती कधीच विकली होती. शीतगृहाच्या मालकानं त्यांना राखणीला ठेवलं आणि मग तापमानाचे आकडे बघायलाही तेच बसायला लागले. त्यांना ही नोकरी का हवी होती ते मला माहीत होतं. मालकानंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. बायको दोन वर्षं अंथरुणावर, कमरेखालचं अंग गेलेलं, आणि घर शीतगृहापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी जाऊन तिला जेवू घालता यायचं, कूस बदलून देता यायची. ही नोकरी गेली तर पुण्यात एखाद्या सोसायटीच्या गेटवर उभं राहायचं, आणि बाईला कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. हे सगळं ठाऊक असूनही मी पुढे जे केलं ते केलं.

आमचं वाजलं ते याच्याही आधी. सुरुवातीला माझ्याकडे सर्व्हरवर लॉगिन करायचं तेच नाव आणि तोच पासवर्ड होता जो मेजर वापरायचे. मी इथून आत शिरले की तिथे त्यांच्यासमोरची स्क्रीन कुलूपबंद व्हायची. पहारा देण्यात उभं आयुष्य काढलेला माणूस. आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी आपली स्क्रीन काढून घेतंय हे त्याला कसं चालणार? ते लगेच पासवर्ड टाकून परत आत यायचे, आणि मी बाहेर फेकली जायचे. मी परत शिरायचे, ते परत हाकलायचे. एकदा अर्धा तास हा खेळ चालला. शेवटी मी फोन केला तर म्हणाले, "इचारल्याबिगर आत यायचं न्हाई. आधी फोन करायचा, मग यायचं."

मी काय यांच्या घरची सून होते? मी संतापले आणि डोकं चालवलं. सर्व्हरवर स्वतःसाठी वेगळं नाव तयार केलं. आता मी आत गेले तरी त्यांची स्क्रीन हलायची नाही, आणि त्यांना मला हाकलताही यायचं नाही. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की ऑफिसात सगळ्यांना वडे सांगितले.

त्याच आठवड्यापासून प्रोग्रॅम बंद सापडायला लागला.

सकाळी दहाला मालकाला तापमानाचा अहवाल द्यायचा, म्हणून मी आत जायचे. बघते तर डेस्कटॉप रिकामा, प्रोग्रॅमचा पत्ता नाही. मी तो चालू करायचे, आकडे लिहून घ्यायचे, रिमोट डेस्कटॉपच्या कोपऱ्यातली फुली दाबून बाहेर पडायचे. दुपारपर्यंत यंत्रं चक्रम झालेली असायची. एकदम चालू, लगेच बंद, परत चालू, मग ट्रिप होऊन ठप्प. मेजर धावत जाऊन पॅनेलवरून हातानं चालवायचे. एका खोलीतल्या डाळिंबांवर डाग पडले. मालक आमच्या साहेबांवर डाफरला, साहेब माझ्यावर, आणि मी अर्थातच मेजरवर.

माझं निदान ठरलेलं होतं. म्हातारा प्रोग्रॅम बंद करून कुस्त्या बघत बसतो. दसऱ्याच्या आधी मैदानं जवळ आलेली, मोबाइलचा डेटा संपला की बसतो सर्व्हरवर. मी त्यांना तसं तोंडावर बोललेसुद्धा.

"मी हितं समूर बसलोय," ते म्हणाले. "आकडं माझ्या म्होरं हालत्यात. तुमाला दिसत न्हाईत तर डोळं तपासून घ्या."

आणि एकदा म्हणाले, "रविवारी मशीन लय गुमान असतंय बघा. रविवारी तुमी नसता."

हा मला टोमणा वाटला. खरं तर तेवढं एक वाक्य नीट ऐकलं असतं तरी पुरलं असतं. पण मी इंजिनिअर आणि तो राखणदार, आणि मला त्याचा राग आला होता. मी फोन आपटला.

अष्टमीला संध्याकाळी मालकानं सांगितलं, दोष नक्की कुणाचा ते लेखी द्या. मी पानभर लिहिलं. मराठीत, मुद्देसूद, मालकाला नीट कळेल असं. 'ऑपरेटर वारंवार प्रोग्रॅम बंद करतो. विचारल्यास खोटं बोलतो. त्याच्या जागी शिकलेला माणूस नेमावा.' 'खोटं बोलतो' ही पाच अक्षरं लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. ते पाठवलं आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दहाला मी आत शिरले. डेस्कटॉप रिकामा. मला आनंदच झाला. काल लिहून दिलं आणि आज परत पकडला! या वेळी मी प्रोग्रॅम चालू केला नाही, आधी फोन लावला.

"मेजर, आजही बंद?"

मेजर म्हणाले, "आवं मॅडम, आज खंडेनवमी. आज हत्याराला कोन हात लावतं का?"

"म्हणजे?"

"थांबा. दावतो."

त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. सर्व्हरच्या खोलीत टेबलासमोर पाट मांडलेला. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, टेस्टर, पॅनेलच्या किल्ल्या, आणि त्यांच्या शेजारी कीबोर्ड आणि माऊस. दोन्हींच्या वायरी काढून नीट गुंडाळलेल्या, दोन्हींना हळदकुंकवाची बोटं. सर्व्हरच्या डब्याला झेंडूचा हार. "काल सांच्यालाच काढून ठिवलं. उद्या पूजा उठवल्यावर जोडायचं. फौजेत बी आमी असंच करायचो, बंदुका मांडून."

मग त्यांनी मोबाइल स्क्रीनकडे वळवला. हाराच्या पाकळ्यांमागे प्रोग्रॅम चालू होता. खोली एक, खोली दोन, खोली तीन. आकडे बदलत होते.

माझ्यासमोर त्याच सर्व्हरचा रिकामा डेस्कटॉप होता. एकच सर्व्हर, एकच क्षण, आणि दोन वेगळ्या गोष्टी. कीबोर्ड पाटावर, माऊस पाटावर. बंद करायला माणसाकडे काहीच नव्हतं.

"दिसलं?" मेजर म्हणाले.

"दिसलं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं समजायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि तीच जास्त लाजेची गोष्ट आहे. सर्व्हर प्रत्येक नावाला त्याचा स्वतंत्र डेस्कटॉप देतो. जो माणूस प्रत्यक्ष मशीनपुढे बसतो त्याच्या डेस्कटॉपला आमच्या धंद्यात कन्सोल म्हणतात. मी जुन्या नावानं जायचे तेव्हा मेजरच्या कन्सोलवरच उतरायचे, म्हणून तर आमची ढकलाढकली व्हायची. नवं नाव केल्यापासून मी माझ्या कोऱ्या डेस्कटॉपवर उतरत होते. तिथे प्रोग्रॅम नसणारच. मी तो चालू करायचे म्हणजे दुसरा चालू करायचे. मग त्याच यंत्रांना दोन प्रोग्रॅम हुकूम द्यायचे, एक म्हणायचा चालू हो, दुसरा म्हणायचा बंद हो. फुली दाबून मी निघून गेले तरी माझा प्रोग्रॅम आत तसाच राहायचा. काही तासांनी सर्व्हर माझा सोडून दिलेला डेस्कटॉप झाडून टाकायचा. ती वेळही मीच लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी परत कोरी पाटी, परत मेजरला शिव्या.

मी सगळ्यांचे प्रोग्रॅम दाखवणारी यादी उघडली. इतके दिवस मी फक्त माझ्यापुरती बघत होते. मेजरच्या नावासमोर तो प्रोग्रॅम होता, आणि त्याच्यापुढे सुरू झाल्याची तारीख. तेवीस दिवसांपूर्वीची. तेवीस दिवसांत त्या माणसानं तो एकदाही बंद केला नव्हता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं ते नाव काढून टाक. प्रश्न मिटला. लिहून वगैरे काही द्यायचं नाही. आपली चूक आपण कागदावर देत नसतो."

"पण मी त्याच्याबद्दल लिहून दिलंय, सर."

"मालक कुठे वाचत बसलाय सणासुदीला?"

मी नाव काढून टाकलं. यंत्रं त्या दिवशी सुरळीत चालली. मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले, आणि स्वतःची चीड येत असूनही गप्पच बसले.

दसऱ्याला सकाळी आईशी भांडून मी एसटीत बसले. तासगाव, विटा, मग पुढचा माळ. शीतगृहाच्या गेटवर मेजर उभे होते. आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणे होते, दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री. मी नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा आणखी ताठ झाला. बसा म्हणाले नाहीत.

"मेजर, चूक माझी होती," मी उभ्याउभ्याच सांगितलं. दोन डेस्कटॉप, दोन प्रोग्रॅम, सगळं.

"म्हंजी मी बोलत हुतो ते खरं हुतं."

"हो."

"मला सांगून काय उपेग? ज्येला लिवून दिलंय त्येला लिवून द्या."

टेबलाच्या खणातून त्यांनी कोरा कागद काढला, पेन माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं, ते वाचत होते, ओळीवर बोट ठेवून. मी 'तांत्रिक गैरसमजामुळे' असं लिहिलं होतं. त्यांचं बोट तिथे थांबलं. "ह्ये कुनाचं?" मी ते खोडलं आणि 'माझ्या चुकीमुळे' लिहिलं. 'ऑपरेटर खोटं बोलले नाहीत' हे त्यांनी वेगळ्या ओळीत लिहायला लावलं. सही, तारीख.

तिथूनच मी मालकाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून कागद वाचून दाखवला. मालक चांगला माणूस आहे. अवघडला बिचारा.

"अगं, पण मी त्यांना परवा संध्याकाळीच सांगितलं की महिनाअखेरपर्यंतच कामावर या म्हणून. तुझं पत्र आलं तसा लगेच फोन केला. दुसरा मुलगा ठरवलाय, आमच्या पाहुण्यांतला, डिप्लोमा झालेला. त्याला शब्द दिलाय आता. मेजरना माझा नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

परवा संध्याकाळी. म्हणजे काल माझ्या फोनवर पाट दाखवताना त्यांना माहीत होतं.

मी फोन ठेवला. मूर्खासारखं विचारलं, "मग आता पुण्याला?"

"भाच्यानं बगितलंय एक ठिकान."

"आणि वहिनी?"

मी लिहिलेला कागद त्यांनी टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

मी म्हणाले, "मेजर, तो कागद मालकांना द्यायला हवा."

"ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," ते म्हणाले. "घरी वाचून दावतो. दोन दिस झालं ती म्हनतीया, एवढी शिकल्याली बाई कशाला खोटं लिवल, तुमीच कायतरी केलं असंल."

मग ते घड्याळ बघून खोली नंबर दोनचं तापमान बघायला आत गेले.