पाचव्या गल्लीचे चार फूट

आधी चूक सांगतो, मग बाकीचं. धुळ्याची पाचवी गल्ली बावीस फूट रुंद आहे. मी ती अठरा फूट केली. मोजताना चुकलो म्हणावं तर तसंही नाही. माप माझ्यासमोर होतं, वडिलांनी स्वतः मोजून, स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलेलं. ते पाहत पाहत मी चार फूट कमी केले आणि पुढे दोन वर्षं गल्लीपुढे त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

पाचव्या गल्लीत जे राहिले त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेले त्यांच्यासाठीही. कारण एका गोष्टीची मी माफी मागितली आणि दुसरीची मागितली नाही. तुमच्यातले बरेच जण अजून त्या दोन्हींची सरमिसळ करतात.

मी निघालो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालो होतो आणि पुण्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची नोकरी लागली होती. एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, मी खिडकीशी बसलो, आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खालून हात वर करून एक गोल चामडी डबी माझ्या हातात दिली. आत त्यांची पन्नास फुटी कापडी फीत होती. आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. ती पदराने डोळे पुसता पुसता नानांवर करवादली, "आते हाई फीत कसाले दी ऱ्हायनात? पोऱ्या नोकरीले चालना, का पुनं मोजाले?"

नाना हसले नाहीत. मला म्हणाले, "पुण्यात काहीही काढ. पण मोजल्याशिवाय काढू नको."

नाना सरकारी मोजणीदार होते. साक्री, शिरपूर, पिंपळनेर, त्यांनी कुणाकुणाचे बांध मोजले याला गणती नाही. सुट्टीच्या दिवशी गल्लीतलं कुणी बोलवायला आलं की फीत घेऊन निघायचे आणि दुसरं टोक धरायला मला न्यायचे. माझं सगळं पोरवय त्या टोकाला गेलं. नाना पलीकडून एवढंच ओरडायचे, "ताण धर!" फीत मधे लोंबली की माप जास्त भरतं, आणि जास्त भरलेलं माप कुणाच्या तरी अंगणातून येतं. घरात अहिराणी बोलणारे नाना मोजताना मात्र कचेरीची भाषा बोलायचे. मापाच्या वेळी घरचं कुणी नसतं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

एकदा आमच्या समोरच्या आबांविरुद्ध कुणीतरी तक्रार केली. आबांचं शेव-मुरमुऱ्यांचं दुकान, पुढे ओटा, ओट्यावर मुरमुऱ्यांची पोती. ओटा रस्त्यावर आलाय, असं तक्रारीत होतं. नानांनी भर गल्लीत सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. ओटा गटारीच्या चार बोटं आत निघाला. नानांनी त्याचं टिपण काढून दिलं, ते आबांनी काचेत घालून दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. वर्षानुवर्षं तिथेच होतं.

पुण्यात पहिली काही वर्षं एक प्रश्न फार ऐकला. धुळे? तिकडे नेमकं काय आहे? मी काहीतरी पुटपुटायचो. भरीत म्हणायचो, शेवभाजी म्हणायचो. खरं उत्तर मला माहीत होतं, पण ते सांगायला लाज वाटायची, कारण ते कुणाला उत्तरच वाटलं नसतं. धुळ्याला गल्ल्या आहेत. पट्टीने आखल्यासारख्या सरळ, एकीला एक समांतर, नंबर दिलेल्या. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. पुण्यातल्या पेठांमध्ये मी महिनाभर रस्ता चुकत होतो. धुळ्यात रस्ता चुकायचा तर डोळे बांधून घ्यावे लागतील.

मग कॉम्प्युटर आला. ड्रॉइंग बोर्ड सुटला, मी पडद्यावर रेषा ओढायला शिकलो, नंतर भिंती उभ्या करायला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका लहानशा कंपनीत गेलो. आठ माणसं, दोन खोल्या, आणि काम काय तर व्हिडिओ गेम. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, खऱ्या शहरांमधून गाडी पळवायची. लंडन, न्यूयॉर्क, मुंबई. लंडन आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, ते पोस्टकार्डं भिंतीला चिकटवून उभं केलं. एक दिवस साहेब म्हणाले, "एखादं छोटं शहर पाहिजे. गंमत म्हणून. गाई, हातगाड्या, ओटे. तुमचं ते धुळं घे ना!"

"गंमत म्हणून" हा शब्द मला लागला. पण आतून इतका आनंद झाला की लागलेलं गिळलं. लंडनच्या यादीत धुळे!

मी नानांना पत्र लिहिलं आणि पहिलं खोटं तिथेच लिहिलं. कंपनी धुळ्याचा नकाशा कॉम्प्युटरवर करते आहे, पाचव्या गल्लीची मापं पाठवा. गेम हा शब्द लिहायचा धीर झाला नाही. तोवर नाना निवृत्त झाले होते. ते पत्र वाचून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, असं अक्का सांगते. नवी फीत आणली आणि आठवडाभर गल्ली मोजली. सगळी गल्ली राबली. कुणी टोक धरलं, कुणी शिडी दिली. "नाना, मन्हं दुकान येई ना नकाशामा?" असं जो तो विचारी. चौदा पानं आली. ओट्यांची उंची, खांबांची अंतरं, गटार कुठून कुठे. आबांच्या ओट्यापाशी लिहिलं होतं, 'गटारीच्या आत, पूर्वीप्रमाणेच.'

मी ती गल्ली इंचाइंचाने उभी केली. आयुष्यात तेवढं मन लावून दुसरं काही केलेलं नाही. साहेबांनी गाडी पळवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? सरळसोट रस्ता. छोट्या गावाची गल्ली अशी असते होय?"

"अशीच आहे, सर. मोजून आणलीय."

"अरे, कशाला धडकायचंच नसेल तर मजा कसली? अरुंद कर. आणि नावही बदलू या, उगाच धुळे कशाला, नुसतं छोटं शहर म्हणू."

नावावर मी अडून बसलो. नाव राहिलं नाही तर मी राहणार नाही, इथवर गेलो. साहेब हसले. "बरं, नाव ठेव. गल्ली अरुंद कर."

मी कबूल झालो. दोन्ही बाजूंचे ओटे दोन-दोन फूट पुढे ओढले. पाच मिनिटांचं काम. गटार मात्र होती तिथेच राहू दिली, म्हणजे आबांचा ओटा गटार ओलांडून रस्त्यावर आला. मुरमुऱ्यांच्या पोत्याला गाडी धडकली की पांढरा फवारा उडे आणि पन्नास गुण मिळत. सगळ्या गेममध्ये लोकांना सर्वांत आवडलेली जागा ती.

दिवाळीला सीडी घेऊन घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथे सगळे जमले. नाना पहिल्या खुर्चीत, शेजारी आबा, मागे अर्धी गल्ली. पडद्यावर नावांची यादी आली आणि लंडनच्या खाली 'धुळे' दिसलं तेव्हा शिट्या पडल्या. गाडी मी चालवत होतो. लोक ओरडत होते, अरे, हा माझा खांब, ती बघ माझी खिडकी! त्या आवाजात मी वाहवलो. आबांचा ओटा आला आणि हात सवयीने वळला. पोतं फुटलं, मुरमुरे आभाळभर, पन्नास गुण.

सगळ्यांनी वळून आबांकडे पाहिलं. मग आबाच मोठ्याने म्हणाले, "वा रे भाऊ! इतला मुरमुरा तं मी आख्खा पोळाले ईकत नही!" खोली हसून हसून लोळली. मीही हसलो.

नाना पडद्याजवळ सरकले. "गाडी मागे घे," म्हणाले. घेतली. त्यांनी बोट ठेवलं. "आबांचा ओटा गटारीवर कसा आला?"

"थोडं अरुंद केलंय, नाना," मागच्या हशात फक्त त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो.

"किती?"

"चार फूट."

"माझं माप बावीसचं होतं."

सगळ्यांसमोर मला ते बोलणं बोचलं. मी शुद्ध पुणेरी मराठीत म्हणालो, "हा गेम आहे नाना, नकाशा नाही."

"पत्रात तर नकाशा लिहिलं होतंस," एवढं बोलून ते उठले.

त्यानंतर गल्लीत जे सुरू झालं ते मला पुण्यात फोनवर कळायचं. आधी थट्टा होती. आबा, कॉम्प्युटरमध्ये तर तुमचा ओटा रस्त्यावर दिसतो! मग थट्टेला दात फुटले. मोजणी नानांचीच ना? मग तेव्हा खरी होती की आता? की तेव्हा आबांची शेव खाऊन मोजली होती? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं तेव्हा लोकांना खरंच वाटायचं. आबांनी एक दिवस काचेतलं टिपण भिंतीवरून काढून ठेवलं. आणि नानांना मोजायला बोलावणं बंद झालं. दोन भावांच्या वाटणीत शेजारच्या गल्लीतून दुसरा माणूस आणला, नाना ओट्यावर बसून पाहत राहिले.

अक्का फोनवर म्हणाली, "तुन्हा खेळना पायरे त्या बठ्ठा येडा व्हयी ग्यात. पन तू तं येडा नही ना?"

खेळापायी बाकी सगळे येडे झाले असतील; मी येडा नव्हतो, हट्टी होतो. मला राग आला होता, आणि खरं सांगतो, तो राग अजून पुरता गेलेला नाही. गावाचा खेळ केला, गावाची बेअब्रू केली, म्हणून तुम्ही मला ऐकवलंत. का? लंडनमध्ये गाड्या दुकानात घुसत होत्या, मुंबईत फळांच्या गाड्या उडत होत्या, तिथल्या कुणी अब्रू गेल्याचं म्हटलं नाही. आज तर परदेशी गेममध्ये अख्खी शहरं असतात आणि तिथली माणसं आपली गल्ली सापडली की नाचतात. ज्याला जगात जागा आहे त्याला खेळात यायची भीती वाटत नाही. आपल्या गावाचं नाव एरवी बाहेर निघतं ते उन्हाळ्याच्या आकड्यात, किंवा कुणाची बदली झाली तर कपाळावर हात मारायला. मी ते नाव लंडनच्या खाली लिहिलं आणि खोडू दिलं नाही. याची माफी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. मुरमुऱ्यांचीही नाही. आबांना ते आवडले होते.

पण त्या रागाच्या मागे मी दोन वर्षं लपलो. नाव वाचवायला मी गल्ली विकली होती. ज्याने धुळे पाहिलं नाही त्याच्या डोक्यातल्या छोट्या शहरासारखं व्हावं म्हणून, आमच्याकडे जी एकच गोष्ट मोठ्या शहरांहून सरळ आणि ऐसपैस होती, ती मी स्वतःच्या हाताने अरुंद केली. आणि त्याचा डाग पडला अशा माणसावर, ज्याने जन्मभर फितीचा ताण सोडला नाही.

कंपनी बंद पडली, दुसरी धरली. मी पुण्यातच राहिलो, घर घेतलं, मुलगी तिथे शाळेत जाते. पण कुणी घर कुठे विचारलं की मला अजून पत्ता आठवत नाही, माप आठवतं. बावीस फूट, आणि गटारीच्या आत चार बोटं. एवढी एकच जागा मला डोळे मिटून काढता येते. तीच मी खोटी काढली होती.

त्या दिवाळीनंतर दोन वर्षांनी, शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. चामडी डबी बरोबर घेतली. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. मी फितीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि गल्ली ओलांडून आबांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. गल्लीत वर्दळ होती. सायकली थांबल्या. कुणीतरी विचारलं, "काय रे, नवा खेळ का?"

नानांनी चष्मा नीट केला, टोक आमच्या ओट्याच्या कडेला टेकवलं आणि इतक्या वर्षांनी पलीकडून आवाज आला, "ताण धर!"

मी धरला. दुकानातून आबा बाहेर आले होते, त्यांनाच वाचायला सांगितलं. आबांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "बावीस!"

मग मी फीत न सोडता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. पुण्याच्या भाषेत ते निघेना.

"नाना, तुमनं माप खरं शे. तवय बी खरं व्हतं, आते बी खरं शे. तुम्ही कोनी शेव खादी नही. चार फूट मीच खादात. मी चुकनू. माले माफ करा."