दादाच्या शिलालेखाला टाकी

माझ्या भावाला, हरेश्वरदादाला, बोर्लीत सगळे ‘दगडमास्तर’ म्हणून चिडवायचे. चिडवेनात का! शाळा सुटली की तो गावोगाव पायपीट करून जुने कोरीव दगड बघायचा, वहीत उतरवायचा. मुंबईच्या एखाद्या वस्तुसंग्रहालयात संशोधकाची जागा मिळावी, एवढी एकच आस. दहा वर्षं अर्ज केले. खेड्यातल्या मास्तराला कोण विचारतो? आई तर रोज करवादायची, “दगडानं पोट भरतंय व्हय?”

शेवटी आमच्याच विहिरीवरचा कपडे धुवायचा दगड कामी आला. उलटा केला तर खाली आठ ओळींचा लेख! दादाने तो परसात आणला, हाताने नक्कल करून मुंबईला धाडली. उत्तर आलं, संग्रहालयाचे साहेब स्वतः येऊन बघतील. लेख अस्सल निघाला तर जागा तुमची. अठ्ठावन्न सालची ही गोष्ट. साहेबांना आणायला दादा मांडव्याच्या धक्क्यावर गेला, मी बाजारात, घरी आई एकटी.

नेमकी त्याच दिवशी, छिन्नी-हातोडीने गुळगुळीत झालेले पाटे-जाती पुन्हा खरबरीत करून देणारी टाकीवाली दारात आली. आईने तिच्याकडून पाट्याला टाकी लावून घेतली, आणि मग तिला परसात नेलं.

मी परतले तेव्हा साहेब नुकतेच आले होते. आईने मला ओसरीवरच गाठलं, हळूच म्हणाली, “अक्षरं पार झिजलीवती गं. खोल करून घेतली. साहेबाला वाचाया नको?”

मी तशीच परसात धावले, तर साहेब दगडावर वाकलेले. पांढरे ताजे घाव, भलतीच वळणं.

“मास्तर, हे कालपरवाचं काम आहे. कुणी केलं?”

मी तोंड उघडलं तोच दादाने माझं मनगट आवळलं. मागल्या दारात आई शहाळी घेऊन कौतुकाने बघत उभी होती.

“मीच केलं,” दादा म्हणाला.

साहेब शहाळं न घेताच गेले. खोटे लेख करणारा म्हणून दादाचं नाव झालं. पुन्हा कुणी त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही.

मी जाम भांडले. “तिला कळू दे ना! तू का भोगायचं?”

“राही, तिनं पहिल्यांदाच माझ्या कामाला हात लावला गं.”



चौसष्ट साली आई गेली. शेवटच्या दिवशीही तिने विचारलं, “हरी, नेमणूक आली व्हय?”

“आली, आई. सोमवारी हजर व्हायचंय.”

आईचा चेहरा केवढा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ, अक्षरं नीट केली म्हनून.”