न धुतलेलं फडकं

आमची मावशी कपडे दुरुस्त करते. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आत स्वयंपाकघर आणि मधल्या बोळकांडीत गिनीपिगांचा खोका. अंगावर पिणारी तिची लेक तापानं गेली, तेव्हापासून हे वेड. कोणाचीही आईवेगळी पिल्लं तिच्याच दारात येतात. आम्ही तिला ‘फुकटची दाई’ म्हणून चिडवतो, मग ती आम्हालाच कामाला जुंपते.

तिची एक पद्धत होती. मेलेल्या आईच्या अंगाखालचं फडकं ती पिल्लांजवळ ठेवायची आणि त्यांचं दूध तुटेपर्यंत धुवायची नाही. त्या वासावर पिल्लं ड्रॉपरमधून थेंब थेंब दूध घेत. मग ओल्या कापसानं बूड पुसायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते ना!

यावेळी तीन आली. दोघं खादाड निघाली. तिसरं अगदीच चिमुकलं, त्याचं नाव आम्ही बटण ठेवलं. बटण ड्रॉपरला तोंड लावेना, गवत हुंगेना, ढोबळी मिरचीच्या फोडीकडे बघेना. जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ हात टेकले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

पण बटणाचं वजन रोज वाढत होतं! काटा बिघडला म्हणून मी नवा आणला. त्यावरही तेच.

एका दुपारी मी खोक्यात डोकावले. भावंडं कोपऱ्यात गवत खात होती. बटण फडक्यावर, समोरच्या मोकळ्या जागेत तोंड खुपसून, चुरूचुरू ओठ हलवत होतं. ओठांवर दूध होतं. मी त्या मोकळ्या जागी हात ठेवला. फडकं गरम लागलं. मी हात झटकन मागे घेतला.

“मावशी!”

ती आली, पाहिलं आणि खाली बसली. तिला नवल वाटलंच नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“नुसत्या दुधावर नाही जगणार ते,” ती म्हणाली. “गवत पोटात गेलं नाही तर आतडी बंद पडतील.” मग त्या मोकळ्या जागेकडे वळून हळूच बोलली, “बाई गं, पाजलंस तेवढं पुरे. सोड आता. नाहीतर सोबत घेऊन जाशील त्याला.”

फडकं ओढताना तिला जोर लावावा लागला. तिनं ते साबणानं खसाखसा धुतलं. बटण दुपारभर किंचाळत राहिलं. संध्याकाळी त्यानं गवताची काडी ओढली, चावली, दुसरी ओढली. मी चक्क रडले.

त्याच आनंदात मी मावशीच्या उशीखालचं लेकीचं दुपटं बाहेर काढलं. इतक्या वर्षांत त्याला पाणी लागलं नव्हतं.

“हेही धुवून टाकू या का गं?”

मावशीनं ते हिसकावून छातीशी धरलं. तोवर त्याची ऊब माझ्या हाताला लागली होती.

“नको,” ती म्हणाली. “तिचं दूध अजून तुटलेलं नाही.”